मेटाडेटा सांभाळायचा कुणी?

मार्च २०२५मध्ये अपाचे काफ्काची ४.० ही आवृत्ती आली. तिच्यात नवं काय आलं यापेक्षा जुनं काय गेलं, याचीच चर्चा जास्त झाली. गेला तो झूकीपर. जे क्रेप्स, जून राव आणि पुण्यात शिकलेल्या नेहा नारखेडे यांनी लिंक्डइनमध्ये काफ्का ही संदेश वाहून नेणारी प्रणाली उभी केली आणि २०११मध्ये ती ओपन सोर्स झाली. तेव्हापासून कोणते ब्रोकर, म्हणजे काफ्काचे सर्व्हर, जिवंत आहेत, कोणत्या पार्टिशनचा लीडर कोण, कुठल्या टॉपिकला कोणती सेटिंग्ज लावली आहेत, या सगळ्या नोंदी झूकीपर नावाच्या वेगळ्या सॉफ्टवेअरकडे असत. त्या काफ्काच्या आतच आणायच्या, असा प्रस्ताव २०१९मध्ये मांडला गेला. त्याचं चाचणीपुरतं रूप २०२१मध्ये २.८ आवृत्तीत दिसलं, २०२२मध्ये ३.३ आवृत्तीने ते प्रत्यक्ष वापरायला योग्य असल्याचं जाहीर केलं आणि जुना रस्ता पुरता बंद व्हायला २०२५ उजाडलं. सहा वर्षं लागली. काफ्कामधून वाहणाऱ्या संदेशांच्या तुलनेत हा हलवायचा डेटा नगण्य होता, हे लक्षात घेतलं की आकडा आणखी डोळ्यांत भरतो.

‘मेटाडेटा ठेवायला एक की-व्हॅल्यू मॉड्यूल जोडू या’ हा प्रस्ताव ओपन सोर्स वितरित प्रणालींमध्ये वरचेवर येतो. प्रस्ताव आला की चर्चा लगेच एकाच मुद्द्यावर घसरते: इंजिन कोणतं? रॉक्सडीबी, ईटीसीडी, रेडिस की आणखी काही? गेल्या वीस-बावीस वर्षांचा अनुभव एकत्र मांडून पाहिला, तर इंजिनाची निवड हा या कामातला सर्वांत सोपा भाग ठरतो. घाम निघतो तो बाकीच्या ठिकाणी.

मेटाडेटाचं डेटाशी असलेलं नातं शेत आणि सातबारा यांच्यासारखं असतं. सातबारा कागदाचा एक तुकडा, पण त्यात खाडाखोड झाली तर शेत जागेवर असूनही मालकाचं राहत नाही. फाइलचे तुकडे डिस्कवर शाबूत आहेत, पण कोणता तुकडा कोणत्या फाइलचा ही नोंद गेली, तर ती फाइल गेल्यातच जमा. म्हणून या छोट्या डेटाकडून अपेक्षा मात्र मोठ्या: तो कधीही चुकीचा असता कामा नये, पटकन वाचता आला पाहिजे, आणि एखादं यंत्र बंद पडलं तरी उपलब्ध राहिला पाहिजे.

पहिल्या पिढीने याचं उत्तर सरळ दिलं: सगळा मेटाडेटा एकाच यंत्राच्या मेमरीत. गूगलने २००३मध्ये आपल्या जीएफएस या फाइल सिस्टिमवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात एकच मास्टर होता. ६४ एमबीच्या प्रत्येक तुकड्यामागे ६४ बाइटपेक्षा कमी मेटाडेटा लागतो, त्यामुळे मेमरी पुरेल, असा त्यांचा हिशेब होता. हडूपच्या एचडीएफएसने हाच आराखडा उचलला. नेमनोड हा एकच जावा प्रोसेस सगळी फाइल-नावं मेमरीत ठेवतो आणि बदलांची नोंदवही डिस्कवर लिहितो. फाइली मोठ्या होत्या तोवर हे झकास चाललं. लोकांनी त्यात कोट्यवधी छोट्या फाइली भरायला सुरुवात केली आणि हिशेब बिघडला. दहा कोटी फाइलींसाठी नेमनोडला किमान ६० जीबी मेमरी लागेल, असं गणित २०१०मध्येच मांडलं गेलं होतं. त्या काळी एवढी मेमरी जावाला देणं म्हणजे गार्बेज कलेक्शनच्या वेळी अख्खं क्लस्टर खोळंबण्याची तयारी ठेवणं. ‘लहान फाइली टाळा’ हा सल्ला हडूपवाल्यांच्या पिढीने पाठ केला तो यामुळे. खरं तर तो वापरणाऱ्यांचा दोष नव्हता, आराखड्याची मर्यादा होती.

मेटाडेटा ठेवायचाच नाही, असाही एक बाणेदार पंथ होता. ग्लस्टरएफएसने फाइलच्या नावावरून हॅश काढून तिची जागा ठरवली, मध्यवर्ती नोंदवही बादच केली. कल्पना देखणी होती, पण एखाद्या फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागितली की सगळ्या सर्व्हरांना विचारत फिरावं लागतं. फाइलचं नाव बदललं की हॅशही बदलतो, मग जुन्या जागेवरून नव्या जागेकडे बोट दाखवणारी चिठ्ठी ठेवावी लागते. नोंदवही मागच्या दाराने परत येते.

दुसऱ्या पिढीने जबाबदारी बाहेर सोपवली. गूगलची चबी ही सेवा २००६च्या शोधनिबंधातून जगाला कळली. याहूत तयार झालेल्या झूकीपरचा निबंध २०१०चा. फोल्डरसारख्या रचनेत छोट्या नोंदी ठेवायच्या, नोंद बदलली की ज्यांनी नजर ठेवली आहे त्यांना कळवायचं, एखादा नोड मेला की त्याची तात्पुरती नोंद आपोआप पुसायची. तीन किंवा पाच यंत्रांवर प्रती, बहुमत असेल तरच लेखन. एचबेस, काफ्का, सोलर, पल्सार, सगळ्यांनी झूकीपरचा आधार घेतला. २०१३मध्ये कोअरओएसने ईटीसीडी आणला. त्याच्या मुळाशी राफ्ट हा यंत्रांमध्ये सहमती घडवणारा अल्गोरिदम होता, आणि पुढे कुबरनेटिसने आपली सारी स्थिती त्याच्या हवाली केली.

बाहेरची सेवा घेतल्याने सहमतीचं अवघड गणित स्वतः सोडवावं लागत नाही. हा फायदा मोठा आहे आणि त्याला कमी लेखू नये. वितरित सहमतीचा कोड स्वतः लिहिणं सोपं नसतं. पण किंमतही असते. दोन प्रणाली बसवा, दोन्हींची सुरक्षा वेगळी लावा, दोन्हींवर लक्ष ठेवा, दोन्ही वेगवेगळ्या वेळी अपग्रेड करा. शिवाय या सेवा मुळात छोट्या नोंदींसाठी. झूकीपरमधल्या एका नोंदीला साधारण एक एमबीची मर्यादा, आणि सगळा डेटा मेमरीत. ईटीसीडीची मूळ मर्यादा दोन जीबी, आणि सर्वसाधारण वापरात आठ जीबीच्या वर जाऊ नका असा त्याच्याच कर्त्यांचा सल्ला. मर्यादा ओलांडली की ईटीसीडी लिहून घेणं थांबवतो, फक्त वाचू आणि पुसू देतो. कुबरनेटिस चालवणाऱ्या अनेकांना हा प्रसंग ओळखीचा असेल.

गूगलमध्ये तर उलटीच अडचण झाली. चबी इतकी क्वचित बंद पडायची की तिच्यावर विसंबून राहणाऱ्या टीम तिला अमर समजू लागल्या. मग तिमाहीत ठरलेल्यापेक्षा ती जास्त भरवशाची ठरली, तर मुद्दाम, ठरवून ती बंद पाडायला सुरुवात झाली, म्हणजे कुणाचं घोडं कुठे अडतं ते आधीच कळेल. मेटाडेटा दुसऱ्याकडे सोपवणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने हा प्रयोग आपल्या चाचणी-क्लस्टरवर एकदा तरी करावा.

काफ्काचं दुखणं याहून बारीक होतं. क्लस्टरमधला एक ब्रोकर कंट्रोलर असे. तो झूकीपरमधून सगळ्या नोंदी वाचून मेमरीत ठेवी आणि इतर ब्रोकरांना कळवी. म्हणजे एकच सत्य तीन ठिकाणी: झूकीपरमध्ये, कंट्रोलरच्या मेमरीत आणि प्रत्येक ब्रोकरकडे. ही तिन्ही एकमेकांशी जुळतील याची खात्री नाही. कंट्रोलर मेला की नव्याने सारं पहिल्यापासून वाचायचं, आणि पार्टिशन लाखात असतील तर तेवढा वेळ क्लस्टरमधले निर्णय रखडायचे. उपाय म्हणून काफ्काने जे केलं ते मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल वाटतं. त्यांनी की-व्हॅल्यू साठा आणलाच नाही. मेटाडेटातला प्रत्येक बदल काफ्काच्याच एका अंतर्गत लॉगमध्ये ओळीने लिहायचा, कंट्रोलरांनी राफ्टच्या धर्तीवर त्या लॉगवर सहमती करायची, आणि ब्रोकरांनी तो लॉग कुठवर वाचला तेवढं लक्षात ठेवून पुढचा भाग मागायचा. राखीव कंट्रोलरच्या मेमरीत सगळं आधीच असतं, त्यामुळे सूत्रं बदलायला क्षणभर लागतो. ज्यांचा धंदाच लॉगचा, त्यांनी मेटाडेटाही लॉग म्हणून पाहिला.

प्रत्येकाकडे असा लॉग तयार नसतो. म्हणून तिसऱ्या पिढीचं रूढ उत्तर असं झालं: प्रत्येक यंत्रावर प्रोसेसच्या आतच बसणारं की-व्हॅल्यू इंजिन, आणि यंत्रांमध्ये सहमतीसाठी राफ्ट. इंजिन बहुधा रॉक्सडीबी. गूगलच्या लेव्हलडीबीपासून फेसबुकने २०१२मध्ये ते वेगळं काढलं आणि २०१३मध्ये खुलं केलं. अपाचे ओझोनने नेमनोडच्या कामाचे दोन भाग केले, नावांचा आणि जागेचा. दोन्हींच्या नोंदी रॉक्सडीबीत ठेवल्या आणि प्रतींसाठी रॅटिस ही राफ्टची जावा लायब्ररी वापरली. अलक्सिओने २०१९च्या २.० आवृत्तीत मेटाडेटा जावाच्या मेमरीतून रॉक्सडीबीत नेला आणि गरम नोंदींसाठी मेमरीत कॅश ठेवला. एचडीएफएसच्या आराखड्याला दुसऱ्या दिशेनेही धक्का बसला. २०१७मध्ये हॉप्सएफएसने नेमनोडचा मेटाडेटा मायएसक्यूएलच्या वितरित क्लस्टरमध्ये नेला आणि स्पॉटिफायच्या कामाच्या नमुन्यावर एचडीएफएसच्या १६ ते ३७ पट काम करून दाखवलं. गूगलने स्वतः जीएफएसच्या जागी कोलॉसस आणताना मेटाडेटा बिगटेबलमध्ये ठेवला, आणि सर्वांत मोठ्या जीएफएस क्लस्टरच्या शंभरपटीहून पुढे गेल्याचं सांगितलं.

सेफ या वितरित साठवण प्रणालीची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे हे मॉड्यूल अगदी तळाशी, प्रत्येक डिस्कच्या पातळीवर आलं. सेफ आधी प्रत्येक ऑब्जेक्ट एक्सएफएसवरच्या साध्या फाइलीत ठेवायचा. लेखन अर्धवट राहू नये म्हणून आधी जर्नलमध्ये लिहा, मग फाइलीत, म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा. ऑब्जेक्टांची क्रमवार यादी हवी असेल तर फाइल सिस्टिम ती हव्या त्या क्रमाने देत नाही. मग ब्लूस्टोअर आला: डेटा थेट कच्च्या डिस्कवर, आणि कोणत्या ऑब्जेक्टचा कोणता भाग कुठे, हा मेटाडेटा रॉक्सडीबीत. पण रॉक्सडीबीला फाइल सिस्टिम लागते. पुन्हा एक्सएफएस घातलं तर पुन्हा तोच जर्नलचा भुर्दंड. म्हणून सेफच्या मंडळींनी केवळ रॉक्सडीबीला पुरेल एवढी छोटी फाइल सिस्टिम लिहिली. २०१७च्या लुमिनस आवृत्तीपासून ब्लूस्टोअर हा मूळ पर्याय झाला. दहा वर्षांच्या अनुभवावरचा त्यांचा निबंध २०१९च्या एसओएसपी परिषदेत आला, आणि दोन वर्षांत ७० टक्के वापरकर्ते ब्लूस्टोअरवर आल्याचं त्यात नोंदलं आहे. मॉड्यूल जोडलं की त्याच्या खालचंही काही बदलावं लागतं, ही गोष्ट प्रस्तावात क्वचितच लिहिलेली असते.

इंजिन ठरलं, आता की कशी बनवायची? इथे खरी कारागिरी आहे. सोपा मार्ग म्हणजे पूर्ण पथ हीच की. वाचायला एकच फेरी. पण फोल्डरचं नाव बदललं की त्याच्या पोटातल्या प्रत्येक फाइलची की बदलायची. लाख फाइली, लाख लेखनं, आणि मध्येच यंत्र पडलं तर अर्धी जुनी, अर्धी नवी. ओझोनने हे सोसलं आणि मग फाइल सिस्टिमसारख्या वापरासाठी वेगळी मांडणी आणली, जिच्यात की म्हणजे वरच्या फोल्डरचा क्रमांक आणि त्यापुढे नाव. आता नाव बदलणं म्हणजे एक नोंद काढून एक घालणं. पथ शोधायला मात्र पायरी पायरीने उतरावं लागतं. डीपसीकने फेब्रुवारी २०२५मध्ये खुल्या केलेल्या थ्रीएफएसमध्ये हेच तत्त्व आहे, साठा फाउंडेशनडीबीचा. त्यातला एक बारकावा मला फार आवडतो. फाइल-क्रमांक एकापाठोपाठ एक दिले जातात. ते नेहमीच्या क्रमाने, मोठा बाइट आधी ठेवून, कीमध्ये घातले तर लागोपाठच्या फाइली एकाच सर्व्हरवर गर्दी करतील. म्हणून त्यांनी लहान बाइट आधी ठेवला. शेजारचे क्रमांक दूर फेकले गेले, भार पसरला. फोल्डरमधल्या नोंदी मात्र मुद्दाम शेजारी राहतील अशा मांडल्या, म्हणजे यादी एका झेपेत वाचता येते. एकच साठा, दोन प्रकारच्या नोंदी आणि दोघांसाठी उलट निर्णय.

आता इंटरफेस. घ्या, ठेवा, पुसा एवढ्या तीन क्रिया लिहून काम होत नाही. मेटाडेटाला आणखी चार गोष्टी लागतात: क्रमाने पट्टा वाचणं, ‘मी पाहिली तीच आवृत्ती अजून असेल तरच लिही’ ही अट, अनेक की एकत्र बदलणं आणि बदलावर नजर ठेवणं. पल्सारने झूकीपरशी थेट जोडलेला कोड आधी एका अमूर्त इंटरफेसमागे नेला, मगच इतर साठ्यांना वाट दिली. २०२२च्या २.१० आवृत्तीपासून तिथे झूकीपर ऐच्छिक झाला. हा क्रम योग्य होता. जूसएफएसने रेडिस, टीआयकेव्ही, ईटीसीडी, फाउंडेशनडीबी, शिवाय मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट असा मोठा बाजार मांडला. वापरणाऱ्याला पर्याय मिळतात, पण प्रत्येक पर्यायाची हमी वेगळी असते आणि चाचणीचं ओझं तितक्या पटीने वाढतं. के-थ्री-एस या हलक्या कुबरनेटिससाठी लिहिलेल्या काइनने तर ईटीसीडीची बोली एसक्यूएलमध्ये उतरवली, कुबरनेटिसला पत्ताही न लागू देता. क्लिकहाउस कीपरही त्याच वळणाचा. झूकीपरची बोली तशीच, आत सी प्लस प्लस आणि राफ्ट. जुनी बोली कायम ठेवून आतलं यंत्र बदलणं हा छोट्या टीमसाठी सर्वांत स्वस्त मार्ग आहे, असं माझं मत.

हमी म्हणजे काय, याचं एक जवळचं उदाहरण. वितरित प्रणाली तपासणाऱ्या जेपसेनने २०२०मध्ये ईटीसीडीच्या ३.४.३ आवृत्तीची कसून तपासणी केली. की-व्हॅल्यू क्रिया चोख निघाल्या, पण त्यावर बांधलेली लॉकची सोय मात्र दोन जणांना एकाच वेळी लॉक मिळाल्याचं समजू देत होती. ज्याच्या हातात लॉक होतं त्याची मुदत संपते, त्याला ते कळत नाही आणि तो लिहीत राहतो. लॉकच्या जोडीला आवृत्तीची अट घातलीच पाहिजे. खुद्द ईटीसीडीलाही २०२२मध्ये आपल्या ३.५.० ते ३.५.२ या आवृत्त्या डेटात विसंगती आणू शकतात, त्या वापरू नका, असं जाहीर करावं लागलं. इतकी वर्षं इतक्या डोळ्यांखालून गेलेल्या कोडची ही गत, तर घरच्या घरी लिहिलेल्या इंजिनाचं काय होईल याचा अंदाज करावा.

आणि बिघाड कधी कधी इंजिनाच्या अगदी तळघरात असतो. ऑक्टोबर २०२१मध्ये रोब्लॉक्स हा खेळांचा मंच ७३ तास बंद पडला. त्याचा मेटाडेटा कन्सल या झूकीपर-ईटीसीडीच्याच जातीच्या सेवेत होता. एक कारण कन्सलमधली नवी सोय, दुसरं त्याच्या पोटातलं बोल्टडीबी. त्यांच्या अहवालानुसार लॉगची फाइल ४.२ जीबीची होती आणि त्यात खरा डेटा ४८९ एमबी. बाकी रिकामी पानं. ती पानं कुठे आहेत याची यादीच ७.८ एमबीची झालेली, आणि लॉगमध्ये एक छोटी नोंद घालताना ही सगळी यादी पुन्हा डिस्कवर लिहिली जाई. पुसलेला डेटा फाइल लहान करत नाही, हे अशा साठ्यांचं जुनं वैशिष्ट्य. ईटीसीडीच्या वापरकर्त्यांना कॉम्पॅक्शननंतर डीफ्रॅगही करावं लागतं ते यासाठीच. सेफ एका ऑब्जेक्टखाली दोन लाखांहून अधिक की जमल्या की धोक्याची सूचना देतो. अशी सूचना आणि आकार मोजणारे मीटर मॉड्यूलसोबत पहिल्या दिवसापासून हवेत.

ओपन सोर्स प्रकल्पाला आणखी एक फास असतो, परवान्याचा. २०१७मध्ये अपाचे संस्थेने फेसबुकचा पेटंटच्या कलमासह येणारा परवाना आपल्या प्रकल्पांसाठी निषिद्ध ठरवला. रॉक्सडीबीवर उभे असलेले अपाचेचे प्रकल्प अडचणीत आले. सुदैवाने रॉक्सडीबीने लगेच परवाना बदलून अपाचे २.० स्वीकारला. ऑगस्ट २०२३मध्ये कन्सलच्या कंपनीने उलट दिशा धरली आणि ओपन सोर्स परवाना सोडला. मार्च २०२४मध्ये रेडिसनेही तेच केलं, त्यातून वाल्की फुटून निघाला. ज्यांनी इंटरफेस नीट वेगळा ठेवला होता त्यांना फक्त एक जोडणी बदलायची होती.

राहिलं स्थलांतर, ज्याला प्रस्तावात एक ओळ मिळते आणि जे प्रत्यक्षात वर्षं खातं. काफ्काने इथेही धडा घालून दिला. मधल्या टप्प्यात नवा कंट्रोलर आपल्या लॉगमध्ये लिहितो आणि झूकीपरमध्येही लिहीत राहतो. काही बिनसलं तर परतीची वाट उघडी. शेवटचा शिक्का मारेपर्यंत मागे फिरता येतं, मारल्यावर नाही. ३.९ ही आवृत्ती पूल म्हणून ठेवली. झूकीपरवरून थेट ४.० वर उडी मारता येत नाही, आधी स्थलांतर पूर्ण करावंच लागतं. जुन्या आवृत्तीवर अडकून बसलेल्यांना हे जाचक वाटतं, पण दोन्ही मार्ग कायम सांभाळत बसण्यापेक्षा हे बरं.

तुमच्या प्रकल्पात असा प्रस्ताव मांडायचा असेल, तर पहिल्या पुल रिक्वेस्टमध्ये इंजिन आणू नका. आधी इंटरफेस आणा, आणि आजच्या साठ्यावरच तो चालवून दाखवा. त्यासोबत कीची मांडणी कागदावर उतरवा, नाव बदलण्याचं उदाहरण घेऊनच. मग दुहेरी लेखन, परतीची वाट आणि यंत्र मध्येच मारणाऱ्या चाचण्या. सहमतीचा कोड स्वतः लिहू नका, राफ्टची पारखलेली लायब्ररी घ्या. आणि इंजिन? बहुतेकांना रॉक्सडीबी पुरतं.